दुकान संगमनेरात, गोदाम अकोल्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकातल्या सायबर गुन्ह्यांच्या बातम्या मी नेमाने वाचते, कारण माझा धंदाच त्याला लागून आहे. त्या बातम्यांत व्हीपीएन (इंटरनेटमधूनच काढलेली खासगी, कुलूपबंद वाट) हे नाव आलं की पुढची ओळ मला आता पाठ झाली आहे. आरोपीने व्हीपीएन वापरून ठावठिकाणा लपवला, धमकीचा मेल व्हीपीएनमधून आला, त्यामुळे तपासाला वेळ लागतोय. बातमी खोटी नसते. पण वाचकाला वर्षानुवर्षं तेवढंच वाचायला मिळालं की त्याचं काय मत होणार? ते मत मला गिऱ्हाइकाच्या काउंटरवर उभं राहून ऐकावं लागतं, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. काटछाट करायची तर माझ्या ओळखीचा परिच्छेद काढा, इंटरनेटच्या पत्त्यांचा ठेवा.

मी संगमनेरात नेटवर्किंगची कामं करते. पॉलिटेक्निकची इलेक्ट्रॉनिक्सची पदविका, स्कूटरच्या डिकीत क्रिम्पिंग टूल आणि आरजे-४५ ची पिशवी, आणि नव्या गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न, ‘मॅडम, शिडीवर चढायला माणूस कधी येणार?’ शिडीवर मीच चढते. दुकानं, पतसंस्था, दवाखाने, दूध संकलन केंद्रं ही माझी गिऱ्हाइकं. पूर्वी काम असायचं वायफाय आणि कॅमेऱ्यांचं. हल्ली निम्म्या वेळा मागणी एकच असते. ‘आपली दोन ठिकाणं एक करून द्या.’

एका कृषी सेवा केंद्राचं सांगते. मुख्य दुकान संगमनेरात, गोदाम अकोल्याला (विदर्भातलं अकोला नाही, आमच्या शेजारच्या तालुक्याचं अकोले), आणि पावसाळ्याच्या तोंडावर भाताच्या बियाण्यासाठी राजूरला एक काउंटर. टॅली संगमनेरच्या कॉम्प्युटरवर. शेठजींना हवं होतं ते एवढंच: अकोल्यात पोतं हललं की ते संगमनेरच्या हिशेबात दिसावं, चलन इथून टाकलं की तिथल्या प्रिंटरवर निघावं, आणि गोदामाचे कॅमेरे इथल्या पडद्यावर दिसावेत. (खताचं सरकारी पॉस मशीन वेगळं आणि त्याचं रडगाणंही वेगळं. त्यावर पुन्हा कधी.)

मी गेले तेव्हा ही सोय कुणीतरी आधीच करून दिलेली होती. राउटरमध्ये ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे आत यायचं नंबर दिलेलं दार, उघडून सरळ टॅलीच्या कॉम्प्युटरवर सोडलेलं. हे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट. म्हणजे त्या कॉम्प्युटरची लॉगिनची चौकट जगातल्या कुणालाही दिसत होती. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या डब्याचं) पोर्टही तसंच उघडं, पासवर्ड कारखान्यातून आलेला तोच. शिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरचा ताबा घेता येतो असं एक अ‍ॅप रात्रंदिवस चालू, त्याचा नंबर आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. आणि ही सगळी व्यवस्था मला दाखवून झाल्यावर शेठजी म्हणाले, ‘ते व्हीपीएन वगैरे नको हं मॅडम, पेपरात काय काय येतं, उगाच पोलिसांचं लचांड नको.’

संपादक महोदय, तक्रार आहे ती या वाक्याबद्दल. माणूस दार सताड उघडं टाकून बसलाय आणि त्याला भीती वाटतेय ती कुलपाची.

उघड्या पोर्टाने काय होतं, हे वाचकांना सांगायला हवं. २०१६ साली मिराई नावाच्या एका विषाणूने जगभरचे असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याची युक्ती अगदी बाळबोध होती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी, आणि समोर दिसेल त्या यंत्रावर ती एकेक करून लावून बघायची. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या यंत्रांची फौज साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डिन या कंपनीच्या सर्व्हरवर सोडली गेली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या साइट काही तास कोलमडल्या. ज्यांच्या भिंतीवर ते कॅमेरे होते त्यांना पत्ताही नव्हता. पुढे मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच ब्लूकीप नावाचं भोक सापडलं. पासवर्ड माहीत नसतानाही कॉम्प्युटर ताब्यात घेता येईल असं ते होतं. मायक्रोसॉफ्टला ते इतकं गंभीर वाटलं की कधीच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही त्यांनी दुरुस्ती काढली. आमच्याकडे टॅलीचे किती कॉम्प्युटर अजून विंडोज ७ वर चालतात ते मी रोज बघते. त्या विंडोजचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. असा कॉम्प्युटर, त्यावर उघडं ३३८९, आणि आत पाच वर्षांची उधारीची खाती. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांना आणखी काय हवं?

पण मुळात पोर्ट उघडायची वेळ का येते? ही गोष्ट पत्त्यांच्या टंचाईची आहे, आणि ती कुणी साध्या मराठीत सांगत नाही.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाची माणसंच त्याहून जास्त, आणि एकेका माणसाकडे तीन-तीन यंत्रं. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटून संपले. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटला, तेव्हापासून रेशनिंग. म्हणून घराघरांत राउटर जे पत्ते वाटतो ते खासगी असतात. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते तुमच्या घरात आहेत, माझ्या घरात आहेत, अकोल्याच्या गोदामातही आहेत. बाहेर त्यांना किंमत नाही. बाहेर दिसतो तो राउटरचा एक पत्ता, त्याच्या मागे सगळे.

राउटर हा सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा. आतला कुणी बाहेर गेला की तो वहीत लिहून ठेवतो, आणि त्याच्या नावाने परत काही आलं की आत सोडतो. पण बाहेरून अनोळखी माणूस आला आणि ‘आत कुणालातरी भेटायचंय’ म्हणाला, तर तो त्याला हाकलतो, कारण वहीत नोंद नाही. अकोल्याचा कॉम्प्युटर संगमनेरच्या टॅलीला हाक मारतो तेव्हा तो नेमका असा अनोळखी पाहुणा असतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनला सांगून ठेवणं की ३३८९ चं नाव घेऊन कुणीही आलं तर त्याला विचारू नकोस, थेट टॅलीच्या खोलीत पाठव. कुणीही.

आता यातही एक गोम आहे. बऱ्याच जोडण्यांना हल्ली कंपनी बाहेरचा खरा पत्ता देतच नाही. शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एक पत्ता, म्हणजे आपल्या गेटच्या बाहेर कंपनीचं आणखी एक गेट, आणि त्याच्या वॉचमनवर आपला हुकूम चालत नाही. याला सीजी-नॅट म्हणतात. यासाठी २०१२ मध्ये पत्त्यांचा एक वेगळा पट्टाच राखून ठेवला गेला, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा. तुमचा राउटर उघडून स्टेटसच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो या पट्ट्यातला असेल किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही दुसऱ्या गेटच्या आत आहात. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी येणार नाही. वाईट हेतूने येणाराही येणार नाही, हा त्यातल्या त्यात फायदा. पण शाखा जोडायची असेल तर डोकं आपटायची पाळी. आमच्या कृषी सेवा केंद्रात संगमनेरला खरा पत्ता होता, अकोल्याला सीजी-नॅट, आणि राजूरला मोबाइलच्या सिमवर चालणारा राउटर, म्हणजे तिथेही तेच.

व्हीपीएन इथे उपयोगी पडतं. अकोल्याचं यंत्र आतून बाहेर जातं आणि संगमनेरच्या यंत्राला गाठतं. ते आपणहून बाहेर गेलेलं असल्यामुळे वाटेतले दोन्ही वॉचमन वहीत नोंद करतात आणि उत्तर परत येऊ देतात. मग त्या एका वाटेतून (तिला आम्ही बोगदा म्हणतो), कुलूपबंद करून, दोन्ही जागांची आपसातली सगळी ये-जा चालते. टॅलीच्या कॉम्प्युटरला वाटतं अकोल्याचा प्रिंटर शेजारच्याच खोलीत आहे. बाहेरच्या जगाला ३३८९ दिसत नाही, डीव्हीआर दिसत नाही.

मी त्यासाठी वायरगार्ड नावाचा व्हीपीएनचा प्रोग्राम वापरते. २०२० च्या मार्चपासून ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच आलं, आणि आता दुकानदाराला परवडतील अशा राउटरांतही मिळतं. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांत सातव्या आवृत्तीपासून आहे, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत प्रणालीत आहे. मूळ प्रोग्राम अवघा चारेक हजार ओळींचा, म्हणजे जाणकाराने बसून वाचायचा म्हटला तर वाचून होतो. त्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा अबोलपणा. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याने दार ठोठावलं तर ते ‘नाही’सुद्धा म्हणत नाही. पोर्ट चाळत फिरणाऱ्याला तिथे काही आहे याचाच थांग लागत नाही.

त्यात पासवर्ड नसतो. प्रत्येक ठिकाणाच्या दोन किल्ल्या, एक जाहीर, एक गुप्त. जाहीर किल्ली समोरच्याला द्यायची, गुप्त किल्लीने ज्या यंत्रात जन्म घेतला ते यंत्र सोडायचं नाही. हे मी दहादा सांगते आणि तरी कुणीतरी दोन्ही किल्ल्यांसकट फाइल दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतंच, जिथे हमालांपासून शेठजींच्या मेव्हण्यापर्यंत सगळे असतात. मग नव्या किल्ल्या.

बाकीचं काम सरळ असतं, पण अडतं ते ठरलेल्या जागी, आणि ते मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारखी कामं करणारी पोरं तालुक्या-तालुक्यात आहेत आणि त्यांना हे मराठीत वाचायला मिळत नाही. पहिली अडचण पत्त्यांची. संगमनेरलाही १९२.१६८.१ आणि अकोल्यालाही १९२.१६८.१, कारण दोन्ही राउटर डब्यातून काढले तसेच लावलेले. अशी दोन ठिकाणं जोडली की यंत्राला कळतच नाही की १९२.१६८.१.१० म्हणजे शेजारचा कॉम्प्युटर की पलीकडच्या तालुक्यातला. ते शेजारीच शोधत बसतं. तेव्हा जोडायच्या आधी एका ठिकाणचे पत्ते बदलायचे. मी संगमनेरला १९२.१६८.४१ दिलं, अकोल्याला ४२, राजूरला ४३. प्रिंटर आणि डीव्हीआरला हाताने दिलेले पत्ते असतात, ते विसरलात की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो.

दुसरी अडचण परतीच्या रस्त्याची. वायरगार्ड राउटरवरच असेल तर प्रश्न नाही. पण ते आतल्या एखाद्या छोट्या यंत्रावर बसवलं असेल, तर टॅलीच्या कॉम्प्युटरला आलेली हाक ऐकू येते आणि तो उत्तर पाठवतो भलत्याच दिशेला, राउटरमार्गे इंटरनेटवर. राउटरला एका ओळीत सांगावं लागतं की ४२ कडचं सगळं या यंत्राकडे दे. विंडोजचा फायरवॉलही दुसऱ्या पट्ट्यातून आलेल्या पिंगला (‘आहेस का?’ अशा हाकेला) उत्तर देत नाही, आणि पोरं समजतात की बोगदाच पडला. आधी राउटरला पिंग करा, मग कॉम्प्युटरला.

तिसरी अडचण झोपेची. वॉचमनच्या वहीतली नोंद कायमची नसते. काही राउटर अर्ध्या मिनिटाच्या शांततेनंतर ती खोडून टाकतात. मग अकोल्याहून हाक गेली तर जोडणी होते, पण संगमनेरहून अकोल्याला जायला वाट नसते. म्हणून गेटाआड असलेल्या बाजूने दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवत राहायचं, पर्सिस्टंट कीपअलाइव्ह. एका ओळीची गोष्ट. आणि छोटी पानं उघडतात पण मोठी फाइल मध्येच गोठते, असं झालं तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, बघा. वायरगार्डचा १४२० असतो, सिमकार्डाच्या जोडणीवर तो आणखी उतरवावा लागतो.

टॅलीबद्दलही एक सांगायलाच हवं, नाहीतर लोक व्हीपीएनला शिव्या घालतील. टॅलीच्या डेटाचं फोल्डर बोगद्यापलीकडून थेट उघडू नका. टॅली त्या फोल्डरात सतत बारीकसारीक वाचत-लिहीत असते. एकाच खोलीतल्या वायरवर ते खपतं, पंचवीस किलोमीटरवर ती रडत चालते, आणि मध्येच लाइट गेले तर डेटाही बिघडतो. बोगद्यातून रिमोट डेस्कटॉपने संगमनेरच्या कॉम्प्युटरवर बसा. तोच रिमोट डेस्कटॉप, तेच ३३८९, पण आता ते फक्त आतल्यांना दिसतं.

दोन्ही बाजूंना सीजी-नॅट असेल तर मध्ये तिसरं ठिकाण लागतं. मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये महिना काही शे रुपयांत छोटा सर्व्हर भाड्याने मिळतो. दोन्ही ठिकाणं आतून बाहेर येऊन त्याला भेटतात, आणि तो इकडचं तिकडे देतो. टेलस्केल, झिरोटियरसारख्या सेवा तर दोन्ही बाजूंना एकमेकांचा बाहेरचा पत्ता सांगून एकाच वेळी दार ढकलायला लावतात. पुष्कळदा ते जमतं आणि मध्यस्थाची गरज उरत नाही. एका छोट्या पतसंस्थेच्या अध्यक्षांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘म्हणजे आपला डेटा मुंबईला जाणार?’ प्रश्न रास्त होता. साध्या पद्धतीत मधला सर्व्हर कुलूप उघडून पुन्हा लावतो, म्हणून तो कुणाच्या ताब्यात आहे हे महत्त्वाचं. त्यांना मी शेवटी मुख्य कार्यालयासाठी खरा स्थिर पत्ता घ्यायला लावला. महिन्याचे थोडे पैसे जास्त, पण किल्ल्या घरात.

स्वस्तात होतं म्हणून पीपीटीपी ही व्हीपीएनची जुनी पद्धत अजून बसवणारे आहेत, कारण विंडोजमध्ये ती आयती सापडते. कृपा करून नको. त्यातली ओळख पटवण्याची पद्धत २०१२ सालीच भर परिषदेत फोडून दाखवली गेली आहे. आयपीसेक हे व्हीपीएन चांगलं आहे, मोठ्या संस्था तेच वापरतात. त्याला गेटातून जायला ४५०० पोर्टाची वेगळी व्यवस्था लागते आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर जुळवताना माझा अख्खा दिवस जातो, म्हणून मी ते टाळते. ही माझी आवड झाली, नियम नव्हे.

आता कायद्याचं. इथे आपल्या बातम्यांनी खरंच गोंधळ केला आहे. सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-बी खाली आदेश काढला. व्हीपीएनची सेवा विकणाऱ्यांनी, डेटा सेंटरांनी आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, दिलेले आयपी पत्ते, वापराचा हेतू हे सगळं पाच वर्षं जपून ठेवायचं. त्यावर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर उचलले, आणि मथळे आले ते ‘व्हीपीएनवर बंदी’च्या थाटाचे. बंदी नव्हती. शिवाय पुढच्याच महिन्यात सर्ट-इनने प्रश्नोत्तरं काढली, त्यांत स्पष्ट म्हटलंय की कंपनीने स्वतःच्या कामासाठी चालवलेलं व्हीपीएन या नियमात मोडत नाही. नियम लागू आहे तो सर्वसामान्य गिऱ्हाइकांना सेवा विकणाऱ्यांना. ही प्रश्नोत्तरं किती वाचकांपर्यंत पोचली? माझ्या शेठजींपर्यंत तर नाहीच. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत २०२५ मध्ये व्हीपीएनवर बंदीचे आदेश निघाले, त्याच्या बातम्या मात्र त्यांनी ऐकल्या होत्या.

आणि लपण्याचा मुद्दा. दोन शाखा जोडणाऱ्या व्हीपीएनमध्ये कुणी लपत नाही. बोगद्यातून जातं ते फक्त अकोल्याचं संगमनेरला आणि संगमनेरचं अकोल्याला. अकोल्याच्या पोराने दुपारी यूट्यूब लावलं तर ते अकोल्याच्याच जोडणीतून जातं, त्याच पत्त्याने दिसतं, त्याच कंपनीच्या नोंदीत राहतं. मधला सर्व्हर मी भाड्याने घेते तेव्हा माझं नाव-गाव वरच्या आदेशाप्रमाणे पाच वर्षं तिथे पडून राहणार. गुन्हेगार वापरतो ते आणि हे, दोन्हीला एकच नाव पडलंय, याला मी काय करू? करोनाच्या काळात हिंजवडीची निम्मी पोरं गावी बसून कंपनीचं काम करत होती ती व्हीपीएनवरच. तेव्हा त्या पोरांचे कौतुकाचे फोटो छापून आले होते, पाठीमागे गोठा, मांडीवर लॅपटॉप.

माझी मागणी आहे ती इंटरनेट देणाऱ्यांकडे, आणि त्यासाठी आपल्या पानाचा आधार हवा आहे. जोडणीच्या अर्जावर वेग छापलेला असतो, ओटीटीची यादी छापलेली असते. बाहेरचा खरा पत्ता मिळणार की सीजी-नॅटच्या आडचा, हे एका ओळीत छापायला काय हरकत आहे? मी फोनवर विचारते तेव्हा समोरचा मुलगा म्हणतो, ‘मॅडम, नेट चालतंय ना?’ त्याचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही. पण दुकानदाराने वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यावर त्याला कळतं की स्थिर पत्ता या एरियात मिळत नाही. ही फसवणूक नसेल, पण अर्धी माहिती तर नक्कीच आहे.

टंचाईवरचा खरा उपाय आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, हा आहे. त्यात पत्ते इतके आहेत की गोदामातल्या प्रत्येक दिव्याला एक दिला तरी साठा हलणार नाही. मजा अशी की आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, तो मोबाइलमुळे. २०१६ पासून फोर-जीची जी लाट आली ती नव्या पत्त्यांवरच उभी राहिली. दूरसंचार विभागाने २०२१ मध्ये तारीखही घालून दिली होती: ३१ डिसेंबर २०२२ नंतरची प्रत्येक नवी घरगुती वायरची जोडणी आयपीव्ही६ चालवू शकणारी हवी. मी तालुक्यात फिरते, राउटरची पानं उघडून बघते. कुठे आयपीव्ही६ चा रकाना बंद, कुठे चालू आहे पण कंपनीकडून पत्ता येत नाही, कुठे येतो तो रोज बदलतो. शेठजींच्या खिशातल्या फोनला जगात कुठूनही ओळखता येईल असा पत्ता आहे, आणि लाखोंच्या मालाचा हिशेब ठेवणाऱ्या त्यांच्या दुकानाला नाही.

पत्ता मिळाला म्हणून व्हीपीएनची गरज संपत नाही, हेही सांगून टाकते. खरा पत्ता मिळाला की वॉचमनची आडकाठी जाते, कुलूप तरी लागतंच. तेव्हा नव्या पत्त्यांच्या भरवशावर कुणी डीव्हीआर पुन्हा उघडा टाकू नये.

पोलीस ठाण्यांच्या सायबर जनजागृतीच्या कार्यक्रमांतही या विषयाला जागा मिळावी. तिथे ओटीपी सांगू नका, लिंकवर बोट ठेवू नका, हे सांगतात, ते बरोबरच आहे. त्यात दुकानदारांसाठी दोन वाक्यं वाढवा: डीव्हीआरचा पासवर्ड बदला, आणि राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडून त्यात काय लिहिलंय ते बघा. त्या पानावर एखादी ओळ असेल आणि ती कुणी, कशासाठी लिहिली हे दुकानात कुणालाच सांगता येत नसेल, तर ती पुसा. काही बंद पडलं तर ज्याचं बंद पडलं तो ओरडेलच.

कृषी सेवा केंद्राची जोडणी चालू आहे. राजूरला पावसात टॉवर गेला की ती तुटते, टॉवर आला की माझ्याशिवाय आपोआप जुळते. शेठजींनी बिलावर मात्र व्हीपीएन लिहू दिलं नाही. ‘नेटवर्क जोडणी’ लिहा म्हणाले. मी तसं लिहून दिलं, पैसे वेळेवर मिळाले.

आपली,
नेटवर्कची कामं करणारी एक वाचक,
संगमनेर, जि. अहिल्यानगर